खोट्या विमानाची हजेरी

सोम. ६ एप्रिल
मिळालं, मलाच मिळालं! नव्या मशीनची हजेरी मी बसवणार. देशमुख सरांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. वर टोमणा : "भालेराव, यूपीएसच्या बॅटऱ्या पुसून कंटाळलीस ना? घे आता." घेतलं! चिकलठाणा विमानतळावरून पडेगावपर्यंत स्कूटीवर गाणी म्हणत आले. सिग्नलला एका काकांनी वळून पाहिलं. बघू दे.

आईला समजावलं. विमानं आपला ठावठिकाणा सतत ओरडून सांगतात, आपलं मशीन ते ऐकतं. पण मशीनच बहिरं झालं तर कळणार कसं? म्हणून धावपट्टीपलीकडं पंपहाऊसच्या गच्चीवर एक छोटा ट्रान्समीटर. तो सारखा एका खोट्या विमानाच्या नावानं हाक देतो. ऐकू आली, मशीन हजर. नाही आली, अलार्म.
आई : "म्हंजी त्याचे कान तपासायला मुद्दाम खोटी हाक मारायची व्हय?"
व्हय. अगदी तस्सं.

मंगळ. ७
किती हाका चुकल्या की बोंबलायचं, तो आकडा मी ठरवायचा. तीन टाकला. सर म्हणाले, पन्नास टाक, उगाच कटकट नको. पन्नास हाका चुकेपर्यंत मशीन बहिरं, आणि वर विमानात माणसं! तोंडावर बोलले. मग जीभ चावली.
सर : "बरं. सोमवारी मशीन सुरू करायच्या फाईलवर सही करायचीय, तोवर तीन. खोटं वाजायला लागलं तर पन्नास, आणि तू परत बॅटऱ्यांकडं."
नाही जात मी बॅटऱ्यांकडं.

बुध. ८
वाजलं. दुपारी. मग आपोआप गप्प. अजून टॉवरला जोडलेलं नाही म्हणून निभावलं.

गुरु. ९
परत वाजलं. कालही आभाळ भरून आलं होतं, आजही. सर खिडकीतून बघत : "ढग आले की ओरडतं. लई भित्रं आहे गं तुझं मशीन." सगळे खिदळले. डोकंच फिरलं माझं. ढगांनी या लहरींना काडीचा फरक पडत नाही! पण वाजतं ढग आल्यावरच, हेही खरं. मग का...

शुक्र. १०
सापडलं!! आधी हे : रिसीव्हर दोन आहेत, आणि दोन्ही एकदमच बहिरे होतात, एकदमच बरे होतात. असं कुठं असतं? म्हणजे कानात खोट नाही, हाकेतच काहीतरी आहे. दुपारी आभाळ आलं तशी स्कूटी काढली, पंपहाऊस गाठलं, शिडीनं वर. वीतभर अँटेना, आणि तिच्यावर लोखंडी घमेलं पालथं. वर वीट!

रंगनाथ मामा, तिथले वॉचमन, शेंद्र्याचे. मागोमाग वर आले. "गारा पडल्या तर फुटंल ना ताई. लई महागाचं असंल." ढग आले की झाकायचं, गेले की काढायचं. मी गच्चीवरच फतकल मारून हसत सुटले. मामा बिचारे गोंधळले. मग सांगितलं, लोखंडाखालून हाक बाहेर पडत नाही, आणि गारा सोसेल ती.
"मंग आधी सांगायचं ना!"
बरोबर आहे त्यांचं. कुणीच सांगितलं नव्हतं.

सरही पोट धरून हसले. पण शेवटी : "घमेल्यानं का होईना, खोटं वाजलंच ना?" अहो, खोटं कसं? हाक आली नाही, ते म्हणालं आली नाही! "सोमवारी बघू."

रवि. १२
आईनं पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. परवा चौदा एप्रिल, मिरवणूक. माझं लक्ष आभाळाकडं.

सोम. १३
सर फाईल घेऊन बसलेले, पेनचं टोपण काढलेलं. बाहेर गारा, पत्र्यावर नुसतं ताडताड. आणि अलार्म! सर हसायलाच लागले. "घमेलं! लाव फोन." लावला, स्पीकरवर.
"मामा, घमेलं कुठंय?"
"माह्या डोक्यावर हाय ताई! गारा लई लागायल्यात!"

सरांचं हसू तिथंच थांबलं. स्क्रीन पाहिला. पहिला रिसीव्हर लाल, दुसरा हिरवा. दुसऱ्यानं आपणहून काम उचलून धरलेलं! "खरं आहे सर, खरं आहे!" मी नाचायचीच बाकी होते. मशीन बिघडलं म्हणून एवढं खूश होणारी मीच पहिली असेन. दोघं पळत उपकरणांच्या खोलीत.

पहिला कशानं गेला, अजून कळलं नाही. उघडून ठेवलाय. केबलीत पाणी शिरलं असेल, किंवा... बघायला हवं. सरांनी सही केली नाही. पण तीनचा आकडाही खोडला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या सुट्टी ना तुझी? मिरवणूक झाली की येशील का जरा?"
येशील का! मला!

आई : "पांढऱ्या साडीत मशीन उघडणार व्हय?"
व्हय.