योगिनीच्या पोटातल्या बाळाचं वावर

मी, सरस्वतीबाई भ्रतार कडूबा गिऱ्हे, वय अडुसष्ट, धंदा शेती व भाजीविक्री, राहणार अमडापूरच्या शिवारात, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळजाची एक झडप सैल झाली आहे असं डॉक्टर म्हणतात, पण लिहायला झडप लागत नाही. कुणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारं आमच्या घरात कुणी नाहीच.

चिखलीच्या वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता. त्यात ‘सदरहू मिळकत’ फार होती आणि माणसं कमी होती. मी जुनी सातवी पास आहे, म्हणून त्यांचे कायद्याचे शब्द तेवढे ठेवले आणि बाकी माझ्या मनाने लिहिलं.

कलम एक. राहतं घर, अंगण आणि गोठा माझा मुलगा इंद्रभान आणि सून योगिनी यांना निम्मे-निम्मे. इंद्रभान म्हणेल, एका घराला दोन मालक कशाला. बाबा, माझं नाव कागदावर नव्हतं तोवर मी या घरात पाहुणी असल्यासारखी वावरले. योगिनीने तसं वावरू नये.

कलम दोन. घराची उगवतीकडची खोली माझी नणंद झुंबरबाई हिला हयातीपर्यंत. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती इथलीच झाली. तिच्यावर माझा राग आहे आणि तो कशाचा हे कलम चारमध्ये येईल. ‘मी तिला क्षमा केली आहे’ असं एक वाक्य वकीलसाहेबांनी घातलं होतं, ते मी खोडलं. खोली देते, क्षमेचं अजून ठरलेलं नाही.

कलम तीन. टेकडीखालचं कोरडवाहू वावर इंद्रभानला. त्यात त्याने काय पेरावं हे मी सांगत नाही, कारण तो ऐकत नाही. बीटी आली तशी त्याने बांधापासून बांधापर्यंत कपाशीच लावली. पहिली एकदोन वर्षं बोंडं अशी लगडली की तो पहाटेच वावरात जाऊन उभा राहायचा. मग लाल्या आला, पानं लाल पडली, फवारे वाढले. शेजारच्या घरांमध्ये काय काय झालं ते गावाला ठाऊक आहे. माझा मुलगा हसता-बोलता आहे, याचं मला रोज बरं वाटतं. तुरीची एखादी ओळ ठेवशील तर ठेव, एवढीच विनंती.

कलम चार. हे महत्त्वाचं आहे, सगळ्यांनी नीट ऐकावं.

विहिरीजवळचं अर्ध्या एकराचं माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, वावर माझ्या वडिलांनी मला चोळी-बांगडीसाठी लिहून दिलं होतं. त्यावर गिऱ्हे घराण्यातल्या कुणाचा हक्क नाही. ते मी योगिनीच्या पोटात आज असलेल्या बाळाला देते. मुलगा असो, मुलगी असो. पोटातलं मूल कायद्याच्या नजरेत हयात धरतात, हे वकीलसाहेबांना दोनदा विचारून घेतलं आहे. बाळ सज्ञान होईपर्यंत योगिनीने ते वावर सांभाळावं. त्यात कपाशीचं एक झाडसुद्धा लावू नये. मेथी, पालक, तांदुळजा, अंबाडी, चवळी, गाजर, लाल भोपळा आणि बांधावर शेवगा, एवढं त्यात कायम असावं. पहिली खुडणी योगिनीच्या ताटात जाईल. तिच्यानंतर शिवारातली कुणीही पोटुशी बाई मागायला आली तर तिला द्यावी. उरेल ते बाजारात.

याचं कारण लिहिते. बीटी नवी आली त्या वर्षी योगिनीला पहिल्यांदा दिवस गेले होते. मी लोणारला धाकट्या बहिणीच्या आजारपणात अडकले होते. घर झुंबरबाईच्या हातात होतं. इंद्रभानने तिला विचारलं, “आत्या, माळव्यातबी सरकी टोबू का?” ती म्हणाली, “टोब.” झालं. माळव्यातही कपाशी उभी राहिली आणि आमच्या घरची भाजी त्या वर्षी संपली. टेकडीखालच्या वावरात तुरीच्या ओळींमध्ये आपसूक उगवायची ती घोळ आणि पाथरीही कोळप्याखाली गेली. बाजारातून आणायची तर बटाटे यायचे.

त्यात आपल्याकडची ती जुनी रीत. झुंबरबाईचं म्हणणं असं, “पोटुशीनं पोटभर खाल्लं तं पोरगं मोठं होते अन् अडते.” तिची स्वतःची जाऊ अडलेल्या बाळंतपणात गेली होती, तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सातव्या महिन्यापासून तिने योगिनीचं खाणं अर्ध्यावर आणलं. भाकर अर्धी, वर चटणी. नर्सबाईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या, कारण त्यांनी पोरगं काळं आणि जाड होतं म्हणे. योगिनी नवी सून, ती काय बोलणार. मी परत आले तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. चारच दिवसांनी ऋत्विक झाला, तो माझ्या दोन ओंजळींत मावला. झुंबरबाई खुशीत होती, की बघा कसं सुखरूप सुटली.

ऋत्विक चार वर्षांचा असताना त्याचं तोंड सुजू लागलं. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढून सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं वयाच्या मानाने लहान आहेत. मी विचारलं, “मंग ते वाढतीन का?” त्या समजावून बोलल्या. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक गाळण्या असतात. त्या सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात, नवव्या महिन्यापर्यंत. जन्मल्यावर मूत्रपिंड आकाराने वाढतं, पण नवी गाळणी एकही होत नाही. जेवढ्या घेऊन आलं, तेवढ्यांवर जन्म काढायचा. आणि त्या घडायला आईच्या अन्नातलं लोह, जस्त, फॉलिक ॲसिड, अ जीवनसत्त्व लागतं. आई उपाशी आणि बाळ लहान, म्हणजे गाळण्याही कमी असण्याची शक्यता. “आजी, याच एका कारणाने झालं असं मी छातीठोक सांगणार नाही,” असंही त्या म्हणाल्या. त्यांचं ते खरं बोलणं मला आवडलं. पण पुढच्या वेळी काय करायचं, एवढं मला त्यातून पुरेसं कळलं.

घरी आले आणि माळव्याच्या वावरातली उभी कपाशी उपटली. पात्या, म्हणजे बोंडांच्या कळ्या, लागलेल्या होत्या. गावाला वाटलं म्हातारीला लागीर झालं. इंद्रभान महिनाभर माझ्याशी बोलला नाही, मीही त्याची फार विनवणी केली नाही.

त्यानंतर योगिनीने दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नव्हतं. भ्यायली होती बिचारी. आता चौथा महिना आहे आणि ती दोन वेळा पोटभर जेवते. गोळ्या माझ्यासमोर घेते. बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या रहेमतुल्लाभाईंची घरवाली बानो गावठी अंडी आणून देते. झुंबरबाई माळकरी, म्हणून अंडी अंगणाबाहेर तीन दगडांवर शिजवायची. तेवढा वेळ झुंबरबाई पाठ करून बसते. बाळ दिवाळीच्या सुमारास यावं. तोवर माझी झडप टिकेल का हे मला माहीत नाही आणि मला मरणाची भीती नाही. भीती एवढीच, की मी मधेच गेले आणि मृगात पुन्हा त्या वावरात सरकी पडली तर. इंद्रभानने बियाण्याच्या पिशव्या आणूनही ठेवल्या आहेत.

कलम पाच. पोस्टातली माझी शिल्लक ऋत्विकच्या तपासण्यांसाठी. पोरगं आता आठ वर्षांचं आहे. गोळी घेतो, मीठ कमी खातो, लोणच्याच्या बरणीकडे बघून उसासे टाकतो आणि विहिरीत मुटका मारण्यात सगळ्यांच्या पुढे आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच जपलं तर पुष्कळ वर्षं काही होणार नाही. मी त्याच्याकडे बघून पोट भरून घेते. एक गोष्ट लिहू नये, पण लिहिते. रोज सकाळी तो उठायच्या आधी झुंबरबाई त्याच्या पापण्या बोटाने दाबून बघते, सूज आहे का. मी जागी असते हे तिला ठाऊक नाही.

कलम सहा. माझी खुरपी, विळे आणि पाट्या योगिनीच्या. निळं इरकली लुगडंही तिचंच, पण ते तिने नेसावं, पेटीत ठेवू नये. बाजारातला माझा तराजू रहेमतुल्लाभाईंना गेल्या बाजारीच देऊन टाकला. ते माझ्या शेजारी जन्मभर कांदे विकत बसले आणि त्यांनी एकदाही माझं गिऱ्हाईक ओढलं नाही. मृत्युपत्रात त्यांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कुणी कोर्टात बोट दाखवेल, असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे.

माझा तेरावा-चौदावा साधा करावा. लाडू करू नयेत, मला कधीच आवडले नाहीत.

इथवर लिहून मी आज सकाळी सगळ्यांना ओसरीवर बसवून वाचून दाखवलं. त्यानंतर जे घडलं त्यामुळे एक कलम बदलावं लागलं, म्हणून ते लिहिते.

इंद्रभान मान खाली घालून ऐकत होता. चौथं कलम संपल्यावर म्हणाला, “लिहून ठेव आई. पन माणूस गेल्यावर वावर कोनाचं आयकते?” रागाने नाही म्हणाला, हिशेबी माणूस बोलतो तसं बोलला. रहेमतुल्लाभाई म्हणाले, “ऐसा मत बोल बेटा.” दुसऱ्या साक्षीसाठी पोलीस पाटलांना बोलावलं होतं, ते यायचे होते.

तेव्हा झुंबरबाई कोपऱ्यातून बोलली. “सरसोती, पाटलाले राहू दे. साक्षीले माहा अंगठा घे.”

मी म्हटलं, “आक्का, तुमाले खोली लिहून देली. ज्याले काही भेटते त्याची साक्ष चालत नाई.”

“मंग खोली खोडून टाक.”

“काऊन?”

“इंद्रभान तुह्यं आयकत नाई. माहं आयकते. म्या टोब म्हनलं तं त्यानं टोबली होती.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “माह्या अंगठ्यावरून नांगर नेशीन का रे?”

इंद्रभान उठला आणि बियाण्याच्या पिशव्यांमधून माळव्यासाठी आणलेल्या बाजूला करून रहेमतुल्लाभाईंना म्हणाला, “चाचा, ह्या वापस होतीन का, इचारून पाहा.”

सबब कलम दोन रद्द. खाडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. झुंबरबाईला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. योगिनी म्हणाली, “आक्काबाई कुठी जाऊन राह्यल्या? खोली त्यायचीच हाय, कागद कायले पाहिजे.” आणि क्षमेचं जे वाक्य मी खोडलं होतं, ते या ओळीने परत घातलं असं समजावं.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून, समजून, खुशीने कबूल केलं आहे आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा
दिनांक: २१ मे २०११

सही: सरस्वतीबाई कडूबा गिऱ्हे

साक्षीदार १: शेख रहेमतुल्ला, भाजीविक्रेते, अमडापूर. सही.

साक्षीदार २: झुंबरबाई भ्र. भगवंतराव खंडारे. डाव्या हाताचा अंगठा. (ठसा पसरला आहे, पण तिचाच आहे. शाई वाळायच्या आत ती योगिनीला आणखी भाजी वाढायला उठली.)