बाबांनी काय खाल्लं?

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरा असशील, असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिते. वरची तारीख मी पत्र लिहिलं त्या दिवसाची आहे. तू वाचतोयस तो दिवस कुठला, ते वहिनीला विचार. ती चिडणार नाही.

वहिनीने हे पत्र तुझ्या हातात दिलं, म्हणजे तू आत्ताच तिला विचारलंस, "बाबा कुठे आहेत?" खुर्चीत बस. चष्मा लाव. बाबा आता नाहीत, दादा. मागच्या वर्षी गेले. तू तेव्हा हॉस्पिटलात त्यांच्या शेजारच्या खोलीत होतास. हे आपल्याला कुणीच कसं सांगितलं नाही, असं तुला वाटत असेल. सांगितलं आहे, खूपदा सांगितलं आहे. पण तू तेव्हा आजारी पडलास त्यात तुझी जुनी आठवण शाबूत राहिली आणि नवीन टिकेनाशी झाली. दुपारचं संध्याकाळी राहत नाही. तुला वेड लागलेलं नाही. शेजारचा म्हातारा तसं म्हणत फिरतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी उपग्रहाच्या कामाला लागले तेव्हा तो माझ्याबद्दलही हेच म्हणत होता.

मी तुला लिहिलेलं हे तिसरं पत्र. तू विचारलंस की वहिनीला दर वेळी तोंडाने सांगावं लागायचं आणि दर वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा कोसळायचास. शेवटी ती मला फोनवर म्हणाली, "माझ्याच्याने आता होत नाही गं. तू लिहून दे, मी नुसतं हातात देईन." तिचा आवाज असा होता की मी हो म्हणून टाकलं.

पहिल्या पत्रात मी थाप मारली. बाबा मावशीकडे गेलेत, म्हणून लिहिलं. तू वाचलंस, शर्ट बदललास आणि त्यांना आणायला निघालास. वहिनी अनवाणी तुझ्यामागे बसथांब्यापर्यंत धावली. दुसऱ्या पत्रात मी खरं लिहिलं, पण डॉक्टर लिहितात तसं, मोजकं. अन्नातून विषबाधा, उपचारांना यश आलं नाही, वगैरे. ते पत्र वहिनीने परवा मला परत पाठवलं. त्याच्या तळाशी तुझ्या अक्षरात एकच प्रश्न लिहिलेला आहे. कधी पेनने, कधी पेन्सिलीने, एका ओळीखाली दुसरी ओळ, थेट कागद संपेपर्यंत. "बाबांनी काय खाल्लं?"

वर तोच प्रश्न तुझ्याच हातचा दिसत होता, तरी तू खाली पुन्हा लिहीत गेलास, कारण उत्तर कुठेच नव्हतं.

त्यावर येते. आधी माझ्या डब्याची बातमी सांगते, तू नाहीतरी विचारशीलच. डबा म्हणजे आमचा उपग्रह. तुला तो आठवतो, कारण तो तुझ्या आजाराच्या आधीचा. बुटाच्या खोक्याएवढा उपग्रह बघून तू म्हणाला होतास, "बारके, यात माझी चप्पलसुद्धा मावणार नाही, आणि हा अख्खा समुद्र बघणार?" बघतो रे, अजून बघतो. एका बाजूचं सौर पॅनेल नीट उघडलेलं नाही, त्यामुळे अर्धपोटी काम करतो. दर फेरीला जरा खाली घसरतोय. आणखी वर्षभराने हवेत शिरेल आणि जळून जाईल. आमचे साहेब आत्तापासूनच त्याच्याबद्दल भूतकाळात बोलतात, ते मला आवडत नाही.

डब्याची साठवण फार थोडी आहे. पाहिलेलं सगळं वेळेत खाली आमच्याकडे धाडलं नाही, तर नवीन चित्र आलं की जुनं पुसलं जातं. एकदा चहा पिताना साहेब सहज बोलून गेले, "तुझ्या भावासारखंच की गं याचं." मी कप तसाच ठेवून उठले. मग ते दोन दिवस माझ्या टेबलाभोवती घुटमळत होते. माणूस वाईट नाही, जीभ वाईट आहे.

तुझं कामही चालू आहे, हे तुला माहीत नसणार म्हणून लिहिते. डबा खाडीवरून जायचा असतो त्या दिवशी वहिनी तुला सकाळी सांगते आणि तू होडी काढतोस. बाबांनी पिंपाच्या झाकणाला पांढरा रंग देऊन केलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडतोस. ती दिसेनाशी झाली की दोरी तिथेच धरतोस. पाणी स्वच्छ असेल तर तबकडी खोलवर दिसते, शेवाळ वाढलं असेल तर लवकर गुडूप होते. वरून डब्याला दिसलेला रंग खरा की खोटा, हे आम्हाला त्या दोरीवरून कळतं. पूर्वी तू खाडीबाहेर समुद्रात तबकडी सोडायचास आणि आकडा वाचून मला फोन करायचास. आता काठावर येईपर्यंत आकडा राहत नाही, म्हणून तू दोरीलाच लाल धागा बांधतोस. ही युक्ती तुझी तूच काढलीस, कुणी शिकवली नाही. वहिनी अंगणात दोरी पसरते, टेप लावते आणि मला कळवते. हाताला सगळं येतं तुझ्या, डॉक्टरांनाही नवल वाटतं.

पावसाळा संपता संपता एकदा धागा तबकडीच्या अगदी जवळ आला होता. डब्याच्या चित्रातही पाणी तांबूस दिसत होतं. आम्ही तपासणीवाल्यांना हाकलतच पाठवलं, त्यांना पाण्यात विष सापडलं, आणि खाडीतून काहीही काढायला बंदी झाली. लोकांनी शिव्या घातल्या, पण कुणी आजारी पडलं नाही. एकही माणूस नाही, दादा. त्यात तुझा हात आहे. तुझ्या लक्षात राहणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता बघ, मी अजून तुझ्या प्रश्नाशी आलेच नाही. लहानपणी कडू औषध प्यायच्या वेळी मी अशीच घरभर फिरायचे आणि तू चमचा घेऊन मागे. आज चमचा माझ्या हातात आहे.

बाबांनी शिंपल्या खाल्ल्या. आपल्याच. आपण खाडीत टांगतो त्या दोरांवर वाढलेल्या, तू सकाळी काढून आणलेल्या.

त्या आठवड्यात खाडीत शेवाळ वाढलं होतं. ते डोळ्यांना दिसत नाही एवढं बारीक असतं, आणि त्यातली एक जात विषारी असते. शिंपल्या दिवसभर पाणी गाळून तेच खातात. त्यांना काही होत नाही, विष मात्र त्यांच्या अंगात साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही. कितीही उकळलं तरी ते जात नाही. तू त्या नेहमीसारख्याच धुतल्यास, उघड्या तोंडाच्या वेचून फेकल्यास, जन्मभर करत आलास तसंच सगळं केलंस. आजोबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

डबा त्या दिवशी खाडीवरून गेला होता. चित्रही आलं. पण जमिनीवरून परतणारा उजेड चित्रात काठच्या पाण्यात मिसळतो आणि रंग फसवा येतो, म्हणून काठाची पट्टी कापून टाकायची, हा नियम. जगभर सगळे हेच करतात. आपली खाडी अरुंद, ती अख्खीच त्या पट्टीत गेली. नंतर मी न कापलेलं मूळ चित्र काढून पाहिलं. खाडीचं तोंड डागाळलेलं दिसत होतं. पण दादा, तेव्हा पाहिलं असतं तरी डबा एवढंच सांगतो की शेवाळ फार झालंय. विषारी आहे की नाही, ते त्याला वरून कळत नाही. पाणी आणून तपासावंच लागतं, आणि तपासणीची बोट त्यानंतर आली. कुणाची चूक म्हणावी, हे मी वर्षभर शोधतेय. ज्याच्यावर ओरडावं असा एक माणूस सापडत नाही. तो कापायचा नियम मात्र मी साहेबांशी भांडून मोडायला लावला. म्हणून तर आता तुझी तबकडी खाडीतही लागते.

पुढचं तू वहिनीला विचारशील, म्हणून मीच सांगते. तिला पुन्हा त्या दिवसात पाठवू नकोस. शिंपल्या खाल्ल्या की तिच्या अंगाला खाज सुटते म्हणून ती कधीच खात नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून ती वाचली, आणि म्हणूनच जेवताना ती फक्त बघत होती.

आई गेल्यापासून बाबांची भूक मेली होती. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. तू कधी लाडीगोडी लावायचास, कधी चिडायचास. त्या दिवशी मात्र वास आल्यावर ते स्वतः उठून टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "आज भूक लागली बुवा." त्यांनी त्यांच्या वाट्याच्या सगळ्या खाल्ल्या आणि आणखी आहेत का विचारलं. भांड्यात उरल्या नव्हत्या. तू तुझ्या ताटातल्या उचलून त्यांना वाढल्यास. "खा हो, मला कुठे एवढी भूक आहे," म्हणालास. वहिनी सांगते, तू त्यांना खाताना बघत हात वाळेपर्यंत बसून राहिलास. इतकं खूश तुला तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्यांनी जास्त खाल्ल्या, वय जास्त होतं, ते गेले. तू कमी खाल्ल्यास, तू राहिलास, त्या विषाने तुझी नवी आठवण तेवढी नेली. दुसऱ्या पत्रात मी हेच लिहिलं नव्हतं. हे तुला रोज नव्याने कळावं, हे मला सहन होत नव्हतं. पण प्रश्न लिहून लिहून तू कागद संपवलास, तेव्हा मला कळलं की न सांगणं मला सोपं जातंय, तुला नाही.

आता तू तोंड झाकून बसला असशील. मी तिथे नाही. असते तर तुझ्या शेजारी बसले असते. एकच सांगते, ते मानायचं की नाही तू बघ. बाबांचं शेवटचं जेवण पोटभर झालं. आपल्या मुलाच्या हातचं, मागून घेऊन. तू त्यांना मारलं नाहीस. तू त्यांना जेवू घातलंस.

मला तुझा राग येत नाही, कधी आला नाही. मला बाबांची आठवण येते, आणि मला माझा तो दादा हवा आहे ज्याला काल मी फोनवर काय बोलले ते आठवायचं. दोघंही परत मिळणार नाहीत. संध्याकाळपर्यंत हे तुझ्या मनातून जाईल. माझ्या मनातून जाणार नाही, ते राहू दे माझ्याकडे. एवढ्यापुरती मी मोठी.

पत्राची घडी घालून वहिनीकडे दे. तिला चहा करून दे, हे वाचताना तू तिच्याकडे एकदाही पाहिलं नसशील. आणि आज डबा येणार आहे असं ती म्हणाली, तर तबकडी घेऊन जा. लाल धागा खुंटीला अडकवलेला आहे.

खाली या वेळी अर्ध्याहून जास्त पान कोरं सोडलं आहे. काही विचारायचं असेल तर लिही. तोच प्रश्न असला तरी चालेल. तू दर वेळी पहिल्यांदा विचारशील, मीही दर वेळी पहिल्यांदाच सांगेन.

तुझ्या लक्षात आहे ती,
आणि उद्याही असेल ती,
बारकी