सोबतीला किती जण

१२ जाने. ९८, सोम.

बुटका आज परत मेला. पुलावर एकटा मागं राहिला आणि बाकीच्या चौघांपैकी एकानंही वळून बघितलं नाही. मी गेम बंद केला, जुन्या सेव्हपासून परत सुरू केला. शेजारी बसून जावेद हसत होता. "मेल्यालं माणूस असं माघारी आणत बसलीस तर म्हातारी हूशील हितंच."

दुपारी कॉम्प्युटर क्लासला बॅच नसते. शिकवणारे आम्ही दोघंच, सर पुण्याला. मग नव्या पेंटियमवर ही सीडी. आपण एक माणूस व्हायचं, वाटेत भेटतील ते सोबती जोडायचे आणि काळ्या किल्ल्याच्या दारातून आत जायचं. सोबती पाचपर्यंत घेता येतात. मी पाचही घेते. बुटका, तिरंदाज, चोर, जादूगारीण आणि जडीबुटीवाली म्हातारी. जावेद म्हणतो दोन बास. लढाईचा अनुभव सगळ्यांत वाटला जातो, पाच असले की पाचही कच्चे राहतात. "एक ना धड भाराभर चिंध्या," म्हणाला.

असेना का. चहूबाजूंनी माणसं असली की मला बरं वाटतं. मधोमध चालायचं.

क्लासचा जिना चढताना आज दोनदा थांबले. भिंतीवरची जाहिरात वाचतेय असं दाखवलं. जावेदनं बघितलं.

त्याचं नाव पुरतं लिहायला नको. तात्यांना वाचता येतं. इथून पुढं नुसतं 'जा.' लिहीन.


१७ जाने., शनि.

बारामतीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग बराच वेळ काढलीच नाही. विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? आई म्हणाली, "व्हय, तिसरीत आसताना. गुडघं भोपळ्यावानी झालं हुतं." ते म्हणाले, तेव्हाचंच हे. हृदयातली एक झडप चिकटत चालली आहे. पुण्याला जाऊन तपासणी करा, बहुतेक ऑपरेशन. तोवर रोज सकाळी घ्यायला एक गोळी लिहून दिली.

ऑपरेशन म्हटल्यावर तात्यांनी टोपी काढली आणि परत घातली. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रेलरवाल्यांशी दिवसभर भांडणारा माणूस, टोपीच नीट बसवत राहिला.

छाती उघडतात म्हणे. कशानं उघडतात ते विचारलं नाही मी.


१८ जाने.

रविवार. झोपून राहिले. उशीवर डावा कान टेकला की धडधड ऐकू येते. उजव्यावर झोपले तरी येते. पूर्वी येत होती का? आठवत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालंय. फक्त हा राक्षस डॉक्टरांनी स्वतः नळी लावून ऐकलाय.


२० जाने., मंगळ.

आमच्या भवानीनगरात बातमी फिरायला चहा थंड होण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. वरकुट्याचे काका जीप घेऊन येणार पुण्याला. काकांबरोबर काकू. काकू येणार म्हणून आत्या. आत्याचा जावई, कारण त्याला पुण्यातले रस्ते माहीत. काट्यावरचे दोघं, कारण तात्यांना धीर. आमच्यात असंच आहे. दवाखान्याला जितकी माणसं तितकी त्या पेशंटची किंमत. आजोबांच्या काळी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारी माणसं आम्ही, एकट्यानं कुठं जाणं रक्तात नाही.

मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पाचाच्या वर किती मिळाले!

जा.ला सांगितलं. तो म्हणाला, "मंग तिथं ऐकणार कोण?" मला राग आला.


२४ जाने., शनि.

पुण्याहून आलो. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये एकदम नऊ माणसं घुसली. डॉक्टर म्हणाले, इतके कशाला? काका म्हणाले, "घरचीच हायती सायेब." मग त्यांनी नाद सोडला आणि सांगायला लागले. दहा फेब्रुवारीला भरती व्हायचं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हृदयाकडे बघत होते. त्याला कडी होती, उघडायची. पुढचं काही कानात शिरलंच नाही. पण सगळे माना डोलवत होते, म्हणून मी निर्धास्त होते.

येताना यवतला थांबून सगळ्यांनी मिसळ खाल्ली. काकूनं मला आपल्या ताटातली शेव दिली. कडेनं माणसंच माणसं. भीती जरा कमी.


३ फेब्रु., मंगळ.

स्वप्न. पूल, आणि मी मागं राहिलेय. पुढचे सगळे बोलत चाललेत. हाक मारली तर आवाज फुटत नाही. घामानं उशी ओली.

आई म्हणाली, "काय बगितलंस?" म्हटलं, गेम.


९ फेब्रु., सोम.

भरती उद्या. क्लासातली कामं जा.कडे दिली. तो विचारत होता, काय खायचं नाही, काय बंद करायचं, सांगितलंय का? म्हटलं तात्यांना माहीत असणार. तात्या म्हणाले, "ते भावजींनी ऐकलंय." भावजी म्हणजे आत्याचा जावई. त्याला विचारायचं राहिलं.


१० फेब्रु., मंगळ.

परत घरी. ऑपरेशन झालं नाही.

भरतीच्या टेबलावर तरुण डॉक्टरीण होती. रक्त काढलं, थोड्या वेळानं कागद घेऊन आली. "रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केली?"

मी तात्यांकडे. तात्या काकांकडे. काका आत्याच्या जावयाकडे. जावई म्हणाला, "मला वाटलं काकूंनी ऐकलं." काकू म्हणाली, "बाई, मी तर त्या पलास्टिकच्या काळजाकडं बगत हुते."

मी आज सकाळीसुद्धा गोळी घेतली होती. पाण्याबरोबर, देवाचं नाव घेऊन.

डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, पाच दिवस आधी बंद करा असं सांगितलं होतं. अशीच ऑपरेशनच्या टेबलावर घेतली असती तर रक्त थांबलं नसतं. मग आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "इतकी माणसं आला होतात. एकानंही ऐकलं नाही?"

काकांनी टोपी हातात घेतली होती. येताना जीप यवतला थांबलीच नाही, मिसळही नाही.

नवी तारीख २४. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण हे विघ्न बाहेरून आलं नाही. आम्हीच जीप भरून नेलं.

रक्त थांबलं नसतं. सारखं तेच. बशीत सांडलेला चहा बघून उठून गेले आज.


१४ फेब्रु., शनि.

जा.ला सगळं सांगितलं. वाटलं, 'बघ मी म्हणालो होतो' म्हणेल. म्हणाला नाही. बराच वेळ माउस नुसता फिरवत बसला, मग म्हणाला, "बुटका पुलावर तसाच मरतो ना. परत्येकाला वाटतंय दुसरा बगतोय."

मी गेम उघडला. तिघांना काढून टाकलं. तिरंदाज जाताना दोन ओळी बोलला, चोर बोललाच नाही. राहिले बुटका आणि म्हातारी. पुलावर गेले. छाती धडधडत होती, खरी. दोघंच असल्यामुळं सारखं त्यांच्याकडे बघावं लागतं. बुटका मागं राहिला, मी थांबले, म्हातारीनं त्याला पट्टी बांधली. पूल ओलांडला.

म्हणजे जा.चं बरोबर. त्याला सांगितलं नाही. तो डोक्यावर बसेल.

तरी भीती जास्त वाटते. पाच असताना भीती वाटून घेता येते. दोनच असले की तिघांनाही आपापली पुरती येते.


१७ फेब्रु., मंगळ.

घरी सांगितलं. जीप नको. तात्या आणि आई, बास. एसटीनं जाऊ. काकांना वाईट वाटलं, ते वरकुट्याहून सायकलवर आले. "आमी येडी मान्सं, व्हय पोरी?" म्हटलं, काका, तसं नाही. मग काय, ते सांगता येईना. डोळे भरले माझे. काकांनी पाठीवरून हात फिरवला आणि ऊस तोडायचा राहिलाय म्हणून निघून गेले. त्यांचा ऊस कधीच तुटलाय.

१९ पासून गोळी बंद. आता तात्या स्वतः ध्यानात ठेवणार आहेत. दिवसातनं चारदा विचारतात.


२० फेब्रु., शुक्र.

आज आईच्या ध्यानात आलं. तात्या, ती आणि मी.

"तिगं? तीन तिगाडा, काम बिगाडा. तिगांनी न्हाय निगायचं."

तात्या म्हणाले, "मंग पुन्यांदा जीप भरू का?" आई उठून परड्यात गेली, पायरीजवळचा एक काळा खडा उचलून आणला, धुतला, पदराला पुसला. "ह्यो चौथा. तिगांनी जायची येळ आली की खडा घ्यावा संगं. माजी आई घ्यायची."

चौथं माणूस आहे, असं म्हणणार होते. बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलायची आहे, क्लास तिथून हाकेच्या अंतरावर. तो आला असता. विचारायची खोटी, आला असता. तात्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले नाही. चार लोक काय म्हणतील, हा तात्यांचा वजनकाटा घरीसुद्धा चालू असतो.

मला तो सोबत हवा होता. इथं तरी लिहिते.


२१ फेब्रु., शनि.

शेवटचा क्लास. जिना चढायला बराच वेळ. जा. खाली येऊन उभा होता, पण हात दिला नाही. जिन्यात खालच्या दुकानातली माणसं बघत होती. एक एक पायरी माझ्या मागून चढला.

दुपारी काळ्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचले. म्हटलं, आत आत्ता नको. सेव्ह करून ठेव. परत आल्यावर.

"किती जण नेणार आत?"

"हेच. बुटका, म्हातारी, मी."

आणि मग मलाच सुचलं. तीन. इथंही तीन. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालं? आईचा खडा सांगितला. वाटलं हसेल. त्यानं गेममधल्या दुकानाच्या पडद्यावर जाऊन गोफणीचा एक दगड विकत घेतला, बुटक्याच्या पिशवीत टाकला.

"झालं चार. आता सेव्ह करतो. हितनं फुडं हात न्हाय लावत म्या."

मग म्हणाला, "मी येऊ का मंगळवारी?"

म्हटलं, नको. तात्या...

"बरं."

बरं म्हणाला आणि प्रिंटरमध्ये कागद भरत बसला. कागद भरलेलाच होता.


२३ फेब्रु., सोम. पुणे.

भरती. खाट खिडकीजवळ. आज डॉक्टर आले तेव्हा तात्या फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखे ताठ उभे राहून ऐकत होते, एकेक वाक्य परत म्हणून दाखवत होते. उद्या सकाळपासून पाणीसुद्धा नाही. व्हय. नखं कापायची. व्हय. गोळी बंद आहे? "पाच दिस झालं सायेब, म्या सोता बगितलंय." डॉक्टर हसले. आई कुणाचंच ऐकत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. एकानं ऐकायला आणि एकानं बघायला, दोन माणसं लागतात. आज कळलं.

पलीकडच्या खाटेवरची बाई दुपारी आत गेली. तिची माणसं बाहेर खूप आहेत, पायऱ्यांवर सुद्धा. ती अजून आली नाही. विचारायचं धाडस होत नाही.

हात गार पडलेत. खडा मुठीत धरला की तो गरम होतो, मी नाही होत.


२४ फेब्रु., मंगळ., सकाळ.

पलीकडची बाई आली नाही. दुसऱ्या वॉर्डात ठेवलीय म्हणाले. खरं असेल.

सिस्टरनं बांगड्या काढल्या, गळ्यातला दोरा काढला. उशीखाली हात घालून खडा काढला. "हे काय?"

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सोबत हाय तिची."

"आत काहीच चालत नाही, मावशी. माणूससुद्धा नाही." खडा आईच्या हातात दिला आणि गेली.

आई तशीच उभी. मग तिचा चेहरा उतरला. "अवो," तात्यांना म्हणाली, "ही आत गेल्यावर हितं आमी किती?"

"दोगं."

"आन् ह्यो?"

"दगुड काय मानूस हाय व्हय?"

"निगताना मानूस धरला. मंग आता कसा न्हाय?"

तात्या खिडकीकडे वळले, खांदे हलत होते. तात्यांना असं मी कधी बघितलं नाही. मला खूप भीती वाटली, ऑपरेशनपेक्षा जास्त.

टाकून दे म्हटलं आईला. ती म्हणाली, "न्हाय टाकत." खडा पदराच्या गाठीत बांधला. गाठ ओढून बघितली. मग माझ्या उशाशी बसून, माझे केस टोपीत खोचत म्हणाली, "आमी तीनच बसतो. तू भाईर आलीस की चार व्हतील. उशीर करू नगंस."

वही तिच्याकडेच देतेय. तिला वाचता येत नाही.

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजतायत, आमच्याच दाराकडे येतायत. मला भीती वाटते. पण तीन बरे नाहीत. मला परत यायलाच पाहिजे.