लांब बाह्यांचं पोलकं

माय, कशी आहेस? गुडघे तिथे तरी दुखत नसतील. बाबाचा खोकला थांबला का? माग नाही म्हणून तो नुसता हात चोळत बसला असेल, त्याला बोलतं ठेव. आणि आजीने आता तरी तुझ्या हातचं पाणी घेतलं का? इकडे आम्ही बरे आहोत. मला फक्त सुईत दोरा ओवता येत नाही.

तुझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं होतं. कोष्ट्याच्या घरात गोंडाची पोर आली, हे अख्ख्या गल्लीला त्या हातांनीच सांगितलं. माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते, तेव्हा तुझ्यासाठी लांब बाह्यांचं पोलकं मीच शिवून आणलं. "उन्हाळ्यात कायले रे बाबू?" तू विचारलंस. मी म्हटलं, "बरं दिसते." मग तू जन्मभर तसलंच घातलंस. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना बाही घामाने चिंब व्हायची, पण वर सरकायची नाही.

आणि तोच मी, पोरीला नर्सिंगला जागा मिळावी म्हणून तुला साकोलीच्या कचेरीत घेऊन गेलो. कोणीतरी सांगितलं होतं, पोरीची आजी गोंड आहे तर आदिवासीचा दाखला निघतो. जिल्हा तुटून तुझं माहेर गोंदियाकडे गेलेलं, हाती कागद एकही नाही. मग भरल्या कचेरीत मी म्हणालो, "माय, बाह्या वर कर. साहेबाले दाखव."

तू माझ्याकडे पाहिलंस. "आता बरं दिसते का रे?"

मागून कोणीतरी बोललं, "बुढीले जत्रेत आणलं का?" लोक हसले. तू मनगटावरची बटणं सोडलीस, दोन्ही हात टेबलावर ठेवलेस. मी साहेबाच्या तोंडाकडे पाहत होतो. तो म्हणाला, "काका, जात बापाकडून लागते. आईचे हात पाहून दाखला बनत नाही." अर्जात जातीचा रकाना एकच. मी निम्मा तुझा, पण निम्म्याला तिथे जागा नव्हती. खरं सांगायचं तर तोवर मी तरी ती कुठे दिली होती?

परतताना बसमध्ये तू एकेक बटण लावत म्हणालीस, "पोरीचं काम झालं नाही ना? मी काही कामाची नाही बापा." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पोर आपल्या मार्कांवर नर्स झाली. परवा आली तर बाही वर करून म्हणते, "बाबा, आजीच्या हातावर नेमकं काय होतं? मले तसंच गोंदून घ्याचं आहे." मी म्हटलं, ठिपके होते. "किती? कसे?" मला सांगता येईना. फोटो काढले, तर एकूणएक फोटोत तुझ्या बाह्या मनगटापर्यंत. त्याच हातांनी तू मला भरवलंस, न्हाऊ घातलंस, आणि मी झाकण्यापुरतंच त्यांच्याकडे पाहिलं.

तिला एक सांगितलेलं नाही. तू गेलीस तेव्हा बायकांनी विचारलं होतं, पोलकं कोणतं घालायचं? तेव्हा तर कोणी पाहुणे येणार नव्हते. तरी मी लांब बाह्यांचंच काढून दिलं.

हा कागद टाकायला पत्ता नाही, आणि पोरीच्या हाती द्यायची हिंमत नाही. तुला लिहिता यायचं नाही, हे ठाऊक आहे. तिथे कोणाकडून तरी लिहून घे, ठिपके किती होते ते. पण लवकर लिही माय, पोर पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन राहिली.