भेटी दोनशे अठ्ठ्याऐंशी

३ जानेवारी
राजीनामा दिला. बारा वर्षं एकच खुर्ची, एकच पंखा. साहेबांनी विचारलं, नीट विचार केलास ना? मी म्हटलं, बारा वर्षं इथे दुसरं केलं काय? (हे मनात. तोंडाने फक्त 'हो सर'.) आजपासून मोकळा. वाटेल तेव्हा उठणार, वाटेल तिकडे जाणार.

९ जानेवारी
धंदा ठरला. वेब होस्टिंग. लोकांच्या वेबसाईट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या, बस्स. आपण लोळत पडलो तरी सर्व्हर राबतो. सर्व्हर माझा, ठेवायची जागा डेटा सेंटरची. वीज त्यांची, थंड हवा त्यांची, कुलूप त्यांचं. करार छत्तीस महिन्यांचा. बारीक अक्षरांची चार पानं होती. बारीक अक्षर वाचत बसणारी माणसं आयुष्यात मागे राहतात. सही ठोकली.
आत-बाहेर करायची परवानगी दोघांना. पहिला मी. दुसऱ्या ओळीत कुणीतरी हवंच म्हणाले, म्हणून हिचं नाव घातलं. दर वेळी दाराचा कोड मेलवर येणार. मेल माझ्याच सर्व्हरवरचा दिला, ऐटीत. हिलाही तिथेच मेल काढून दिला.

२० जानेवारी
ग्राहक तीन! दातांचे डॉक्टर, मेहुण्याचं टायरचं दुकान आणि हिचा शिवणक्लास. ही म्हणाली, अहो, अकरा वर्षांचा क्लास आहे माझा, सांभाळाल ना? म्हटलं, डोळ्यांत तेल घालून.

२ फेब्रुवारी
घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवला. सर्व्हर जिवंत आहे की नाही ते तो बघत राहतो. बंद पडला की माझ्या फोनमध्ये बदक ओरडतं. आता मी निर्धास्त.

११ फेब्रुवारी
सकाळी ६. बदक.
सकाळी ६:२०. काही नव्हतं. घरचंच इंटरनेट गेलं होतं.
स. ९. बदक. आंघोळीत होतो. फोन आता साबणाच्या जागी ठेवायचा. साबण कुठेही राहतो.

२३ फेब्रुवारी
कटिंगला गेलो. डावी बाजू झाली आणि बदक ओरडलं. तसाच कापड गुंडाळून घरी पळालो. खोटा इशारा. परत गेलो तर दुकान बंद, न्हावी जेवायला. ही दारातच हसायला लागली, हसता हसता खाली बसली. हसू दे. धंद्यात कातडी जाड लागते.

८ मार्च
सर्व्हर दोन दिवस बंद होता. (एक वायर.) दातांचे डॉक्टर सोडून गेले. गेले तर गेले. रोज लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाचं कशातच मन रमत नाही.

१९ मार्च
मेहुण्यानेही साईट बंद केली. म्हणाला, दाजी, टायर पंक्चर झाल्यावर माणूस वेबसाईट बघतो की दुकान? प्रश्नात तथ्य नाही. उरला एक ग्राहक, पण एकनिष्ठ. घरचाच.

२ एप्रिल
आज हिच्या क्लासचे प्रवेश सुरू. सकाळी दहाला सर्व्हरने मान टाकली, चारला उचलली. ही दिवसभर फोनवर मुलींच्या आयांची समजूत घालत होती. सतरा आया. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं की हे अपवादात्मक आहे. तिने मान हलवली. समजूतदार आहे बिचारी.

६ एप्रिल
सर्व्हरवर रोज किती भेटी होतात ते आजपासून लिहून ठेवायचं. आधी कधी ३३०, कधी ३५२, नुसता गोंधळ. आज २८८.

७ एप्रिल
भेटी २८८.

८ एप्रिल
भेटी २८८. धंद्याला स्थैर्य आलं! एक कमी नाही, एक जास्त नाही. कुठल्या दुकानात रोज मोजून तेवढीच माणसं येतात? एकदा बसलेला विश्वास हा असा.

१५ एप्रिल
दुपारी तासभर घरचं इंटरनेट बंद. गंमत म्हणजे आज भेटी २७६. लोक नेमके त्याच तासाला जेवायला बसले असावेत.

२९ एप्रिल
ही म्हणाली, सुट्टीत आठ दिवस ताईकडे जाऊ, समुद्र आहे, तुम्हाला बरं वाटेल. म्हटलं, वेडी आहेस का? रोजच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी लोकांना वाऱ्यावर सोडून? ही म्हणाली, नोकरीत निदान रविवार तरी होता. तिला स्वतंत्र माणसाची जबाबदारी कळत नाही.

१० मे
महिना झाला, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे गेलेलो नाही. तिथे बदक ओरडलं तर कॉम्प्युटर जवळ नसतो हे खरं, पण पळत दोन मिनिटांत परत येता येतं. मोजलंय.
हिने पुन्हा विचारलं. तिकीट काढायला अजून वेळ आहे म्हणाली. म्हटलं, बघू. मलाही जायचंय हो. कुणाला नको असतं? खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. कोण कितव्या मजल्यावर दम घेतं ते मला पाठ झालंय.

१८ मे
सुरक्षेवर एक लेख वाचला. चोर म्हणे सर्व्हरचं दार सारखं वाजवत बसतात. लगेच बंदोबस्त केला. चोवीस तासांत दोनशेहून जास्त वेळा जो दार वाजवेल त्याला कायमचं बाहेर. संध्याकाळी सातला कुलूप चालू. आता येऊ दे कोण येतो ते.

१९ मे
सकाळी ११:४०. बदक! सर्व्हर ठार. काहीच उघडत नाही. ही क्लासला गेलेली. रिक्षा करून निघतो.

दु. १२:३०. डेटा सेंटर. दारावर कोड मागितला, फोनवर मेल आला. सर्व्हर मेलेला असून मेल आला! मेलची व्यवस्था मी किती पक्की केली आहे बघा.

दु. १२:५०. इथला टेक्निशियन स्क्रीन लावून म्हणाला, साहेब, सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त कुठल्यातरी एका कॉम्प्युटरचा पत्ता त्याने बाहेर काढलाय. म्हटलं, तो चोर. बाकी त्याला काय कळतंय? ठणठणीत असता तर माझ्या घरून दिसला नसता? रीतसर वायर काढली आणि परत लावली. प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय.

दु. १:०५. चालू होत नाही. आतून जळका वास. टेक्निशियनने तोंड असं केलं की बोलला असता तर परवडलं असतं. नवा पार्ट मागवावा लागेल. घरी जातो.

दु. १:१५. बाहेर पडायच्या वाटेवर काचेची खोली आहे, लिफ्टएवढी. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. मागचं बंद झालं. पुढचं कोड मागतंय. कोड मेलवर. मेल सर्व्हरवर. सर्व्हर मी आत्ताच मारला.

दु. १:२५. मागचं दारही कोड मागतंय.

दु. १:४०. काचेपलीकडून गार्ड म्हणाला, नियम म्हणजे नियम, यादीतल्या दुसऱ्या माणसाच्या मेलवर कोड पाठवू का? म्हटलं, नको. हिचा क्लास चालू आहे. शिवाय तिचा मेलही त्याच सर्व्हरवर आहे, काही उपयोग नाही. गार्ड म्हणाला, मग बसा. बसायला जागा नाही.

दु. २:१०. लोक जेवून परत येताहेत. येणारा प्रत्येक जण बघतो. एकाने हात केला. मीही केला.

दु. २:३०. उभ्या उभ्या आकडे मांडतोय. माझा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारतो, आहेस का? तासाला बारा वेळा. बारा गुणिले चोवीस.

दु. २:३२. पुन्हा गुणाकार केला.

दु. २:३५. तासभर नेट बंद होतं त्या दिवशी बारा कमी. म्हणजे चोर मीच. दोनशे अठ्ठ्याऐंशीही मीच.

दु. २:४०. पण मग हिच्या क्लासच्या भेटी? २८८ वजा २८८. त्या आया कुठे गेल्या?

दु. ३:१५. पाय गेले कामातून. गार्डला म्हटलं, पाठव बाबा हिला, बघ काय होतं ते. हिला फोन लावला. सगळं सांगितलं. ती हसली नाही. दहा सेकंदांत कोड वाचून दाखवला. सहा आकडे. दार उघडलं.
मी बाहेर येईना. गार्ड म्हणाला, साहेब, निघा, दार फार वेळ उघडं राहत नाही.
मी फोनवर विचारलं, तुझा मेल कसा चालतोय?
ती म्हणाली, घरी या, चहा टाकते.

२० मे
एप्रिलच्या चार तारखेलाच तिने क्लास दुसरीकडे हलवला. एका विद्यार्थिनीने एका दुपारी सगळं करून दिलं. साईट, मेल (पत्ता तोच, जागा नवी), अकरा वर्षांचे कापडाचे नमुने. ही म्हणाली, सतरा आयांना काय उत्तर देणार होते मी? मग मला का नाही सांगितलंस, विचारलं. ही म्हणाली, तुम्ही रोज जेवताना भेटी किती ते सांगत होतात. तोंड असं खुललेलं असायचं. जीभच उचलली नाही हो.
दीड महिना ती रोज माझा आकडा ऐकत होती आणि 'अरे वा' म्हणत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. जेवलो नाही. मग जेवलो.

२४ मे
पार्ट बसवला. सर्व्हर चालू. स्वतःला चोरांच्या यादीतून काढलं, कुलूपही काढून टाकलं. करार मोडता येतो का विचारलं. चौथ्या पानावर आहे म्हणाले. नाही मोडता येत. अजून एकतीस महिने.

२७ मे
सकाळी ही ताईकडे गेली. आठ दिवस. फ्रिजमध्ये काय कुठे आहे ते सांगितलं, झाडांना पाणी घाला म्हणाली. रिक्षात बसली, हात केला.
या वेळी मला चला म्हणून विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पार्ट नवा आहे, लक्ष ठेवायला हवं.
भेटी २८८.