सून येईपर्यंत

रत्नागिरी, आषाढ वद्य नवमी, १९५८

तीर्थरूप सासूबाईंच्या पायांवर दुर्गाचा माथा.

इथे ट्रेनिंग कॉलेजात मी बरी आहे. जेवण सपक, पण पोटभर मिळतं. काल पहिलीच्या वर्गावर पाठ घेतला. फळ्यावर आपलं देवबाग काढलं: एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आपलं घर. एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन्हीकडे पाणी, मग पळायचं कुठे?" पोरं हसली. मीही हसले.

माझ्या सरलाचा खोकला गेला का? तिला पडवीत निजवू नका.

तिने लिहिलंय, दारातला दुसरा माडही समुद्राने नेला, शेजारी घर सोडून मालवणात गेले. तुम्ही मात्र देवळात कौल लावलात, "सून मास्तरीण होऊन येयसर हयच रवाचा काय?" देवावरची कळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार, म्हणून मी येईपर्यंत तुम्ही हलत नाही.

मी सुटणार चैत्रात. अमावास्येचं उधाण तर तोंडावर आलंय.

सरला, पुढचं आजीला दोनदा वाचून दाखव.

आई, माझं लुगडं दांडीवर घाला, देवाला सांगा सून आली, आणि पोरीला घेऊन त्याच पावली निघा. देवाची समजूत मी येऊन घालीन. समुद्राची कोण घालणार?

तुमची,
दुर्गा