केळीची वाळकी पानं

गुरुवार, ऑक्टोबर अखेर. असोदा.

दीपनगर कॉलनीतल्या दहावीच्या पोरांची हॅलोवीन पार्टी, आणि ती ठरवतेय त्यांची ट्यूशनची मॅडम, मेघना. जिच्यापायी माझी झोप उडालीय तीच. मी जळगावहून कवट्या, मुखवटे आणणार होतो. ती म्हणाली, "ते नको सागरदादा. थीम केळीची बाग आहे. तुमच्या शेतातली वाळकी पानं आणा." दादा. डोकंच फिरलं. कॉलेज सोडलं म्हणून मी काय कचरा वाहायचा?

तरी आज टेम्पो भरून नेलीच. एक पोरगा म्हणाला, "भूत आणलं का गोठा?" सगळे हसले. मेघनाने पानं छताला टांगून घेतली, पंखे लावले, मला दिवे घालवायला सांगितले.

आणि तो आवाज. जन्म बागेत गेला माझा, पण असा कधी ऐकलाच नव्हता. अंधारात माणसंच्या माणसं कुजबुजत चाललीत जणू. पोरं एकमेकांना चिकटली. हा आवाज आपल्याच बागेत होता? आणि तो हिला ठाऊक?

तेवढ्यात माझी बाही कुणीतरी घट्ट धरली. "सागर, लाईट लाव ना."

नुसतं सागर. आणि लाव.

बटण बोटाखालीच होतं. म्हणालो, सापडत नाहीये.